वाइन जिथली, ताट तिथलं

मिन्यू प्रांतात द्राक्षवेल झाडावर चढते. पोर्तुगालच्या उत्तर टोकाला, स्पेनच्या सीमेलगत, हा हिरवागार आणि कायम ओलसर मुलूख आहे. रस्त्याकडेला एखादं जुनं झाड दिसतं आणि नीट पाहिलं की कळतं, त्याच्या फांद्यांत गुंतलेली पिवळी पानं त्याची नाहीत, वेलीची आहेत. काही शेतांच्या चारी बांधांवर ग्रॅनाइटचे खांब रोवून वर मांडव घातलेला असतो, आणि मधल्या मोकळ्या जमिनीत मका नाहीतर कोबी. मी निफाडची, द्राक्षाच्या मांडवाखालीच वाढलेली. आमच्याकडे मांडव अख्खी बाग झाकतो. इथे वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे उरले आणि पोट मक्याच्या पावावर चालायचं, म्हणून मधली जमीन मक्याला आणि बांध वेलीला. शिवाय पाऊस. अटलांटिकवरून येणारे ढग इथे मोकळे होतात. घड जमिनीलगत राहिले तर डाऊनी ही बुरशी आणि कूज ठरलेली, म्हणून वेल उंच न्यायची आणि खालून वारा खेळू द्यायचा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की निफाडमध्ये घराघरांत जी चिंता शिरते, तिच्यावर या लोकांनी शोधलेला हा जुना उपाय पाहत मी बराच वेळ बांधावर उभी होते.

उंचावर, पानांच्या सावलीत पिकणाऱ्या मण्यांत साखर कमी भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. आंबवताना साखरेचाच अल्कोहोल होतो, म्हणून इथली वाइन हलकी. या वाइनला विन्यू व्हेर्द म्हणतात, ती बहुधा ९ ते ११.५ टक्क्यांची आणि जिभेवर किंचित चुरचुरणारी असते. १९०८ साली या प्रदेशाची हद्द कायद्याने ठरली. आता नव्या बागा तारेवरच असतात, झाडावरच्या वेली म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या बांधावर उरल्या आहेत. पण तो आंबटपणा अजून तसाच आहे, कारण पाऊस आणि ग्रॅनाइट कुठे गेलेले नाहीत.

माझी मामेबहीण पोर्तोत संशोधन करते. ताईला पोर्तुगीज अस्खलित येते आणि आम्हा दोघींना जेवायची सारखीच आवड, त्यामुळे तिने सुट्टी काढली आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे खात-पीत जायचं ठरलं. हा देश आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही, पण त्याच्या द्राक्षांच्या जाती अडीचशेच्या घरात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे फारशा लावल्याच जात नाहीत. नाशिकच्या वायनरीत मी शनॅ ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ, शिराझ या फ्रेंच जातींवर वाइन प्यायला शिकले. इथल्या बाटलीवरची नावं मात्र मला वाचताही येत नव्हती.

लिमा नदीकाठच्या पोंत द लिमा या गावात आम्ही पहिल्यांदा जेवायला बसलो. तिथली पांढरी द्राक्षं लोरेरू जातीची. वाइनला फुलांचा आणि ओल्या तमालपत्राचा वास, आणि घोट घेतला की गालाच्या आतून पाणी सुटतं. नुसती प्यायला मला ती फार बोचरी वाटली. मग कोळशावर भाजलेले लहान तेलकट मासे आले, वर नुसतं जाडं मीठ आणि ऑलिव्ह तेल. एक घास, एक घोट. बांगड्याच्या कालवणात आमसूल जे काम करतं ते इथे पेला करत होता. माशाचा तेलकटपणा धुऊन निघायचा आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागायचा. मिठामुळे वाइनचा बोचरेपणाही उतरला. ताटात आंबट काहीच नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मला त्या घोटाने सांगितलं.

याच प्रांतात तांबडी विन्यू व्हेर्दही होते आणि देशाबाहेर ती क्वचित जाते. विन्यांव नावाच्या द्राक्षाची ती वाइन. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरा असतो आणि रंग सालीत असतो, पण याचा गरसुद्धा तांबडा. वाइन जवळजवळ शाईच्या रंगाची, आंबट आणि तुरट दोन्ही. ती काचेच्या पेल्यात नाही, चिनी मातीच्या पांढऱ्या वाडग्यात देतात आणि वाडग्याच्या कडेला जांभळा कंगोरा धरतो. तिच्यासोबत आले ते डुकराच्या चरबीत तळलेले मांसाचे तुकडे. लसूण, तमालपत्र, वाइन यांत मुरवलेले, आणि जिऱ्याचा वास घमघमणारे. शेजारी डुकराच्या रक्तात शिजवलेला सैलसर भात, त्यातही जिरं. हे जेवण जड आहे. थंडीत, ओल्या शेतात दिवसभर राबलेल्या माणसांचं ते जेवण. त्यावर एखादी मऊ, गोलसर, बक्षिसं मिळवणारी वाइन ठेवली असती तर चार घासांत ती चरबीखाली गडप झाली असती. विन्यांव मात्र चरबीला चिरत जाते. वाइनच्या दुकानात कुणी ती माझ्या हाती दिली असती तर मी परत केली असती. त्या ताटाशेजारी मात्र मी दुसरा वाडगा मागितला.

वाइन चाखण्याची सगळी रीत तिला ताटापासून तोडून उभी करते, असं माझं ठाम मत याच गावात झालं. रिकाम्या तोंडी, पांढऱ्या टेबलावर, ओळीने पेले लावून गुण देतात. त्या परीक्षेत मऊ वाइन पुढे जाते आणि आंबट, तुरट वाइन मागे पडते. पण तो आंबटपणा आणि तुरटपणा हेच तिचं काम आहे, आणि ते काम करायला समोर अन्न लागतं.

पोर्तोहून दोरू नदीच्या काठाने वर जाणारी रेल्वे पोसिन्यूपर्यंत जाते. जाताना उजव्या बाजूची खिडकी धरावी, बहुतेक वाटेत नदी त्या अंगाला असते. मिन्यूच्या ओल्या हिरवाईनंतर एकाएकी डोंगर कोरडे होतात. समुद्राकडचे ढग मधल्या डोंगररांगा अडवतात, त्यामुळे आत उन्हाळा भाजून काढणारा. जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचे उभे थर. माती नाहीच म्हणावी इतकी. माणसांनी हा दगड फोडून, पायऱ्या बांधून, वेलीची मुळं थरांच्या फटींत उतरवली. १७५६ साली मार्केश द पोंबाल या प्रधानाने इथली हद्द ठरवली आणि पुढे ती ग्रॅनाइटचे खांब रोवून आखली, त्यांतले काही खांब अजून उभे आहेत. २००१ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला. पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रं आहेत. पाठीवर टोपल्या घेऊन उतार उतरणारे पुरुष, घड कापणाऱ्या बायका. फलाटावर उतरून मी ती चित्रं आधी पाहिली आणि मग मान वर करून समोरचा डोंगर पाहिला, तेव्हा त्या टोपल्यांचं वजन कळलं.

इथली पोर्ट वाइन सगळ्यांना ऐकून माहीत असते. रस दोन-तीन दिवस आंबला, साखर निम्मी उरली, की त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. साधारण चार भाग रस आणि एक भाग दारू. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, आणि १९ ते २२ टक्क्यांची गोड वाइन तयार होते. ती मुरायला नदीमुखाशी, पोर्तोसमोरच्या गाइयाच्या गोदामांत येते, कारण समुद्राजवळ हवा थंड आणि दमट. पूर्वी पिंपं सपाट तळाच्या होड्यांतून यायची, पुढे नदीवर धरणं झाली आणि त्या होड्या आता गाइयाच्या धक्क्याला शोभेसाठी बांधलेल्या असतात. लाकडी पिंपात वीस वर्षं मुरलेल्या टॉनी पोर्टबरोबर आम्ही बदाम आणि अंड्याच्या बलकाची मिठाई खाल्ली. पोर्तुगालच्या मठांतून आलेल्या मिठायांत बलकच बलक असतो. पांढरा भाग वाइन निवळायला आणि जोगिणींच्या कपड्यांना खळ द्यायला जायचा आणि बलक उरायचा, असं तिथे सांगतात. गोडाबरोबर वाइन घ्यायची तर ती त्या गोडापेक्षा गोड हवी, नाहीतर आंबट लागते. टॉनी या परीक्षेत जेमतेम उतरली. खारट निळ्या बुरशीच्या चीजबरोबर ती कितीतरी जास्त फुलली आणि मिठाई बाजूला राहिली.

पुढे दक्षिणेला, बायरादा प्रदेशात पोहोचल्यावर मात्र आमचा वेग मंदावला.

पोर्तो आणि लिस्बन यांना जोडणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, क्विंब्राच्या उत्तरेला मिआल्यादा हे तिथलं गाव आहे. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाच पदार्थाची उपाहारगृहं आहेत. दूध पिणारं डुकराचं पिल्लू, पोटात लसूण, मीठ, चरबी आणि भरपूर मिऱ्यांचं वाटण भरून, सळईवर, लाकडाच्या भट्टीत दोनेक तास भाजलेलं. साल काचेसारखी तडकते आणि आतलं मांस बोटाने तुटतं. बरोबर संत्र्याच्या चकत्या, तळलेला बटाटा आणि हिरवं सॅलड. या भागातलं काळं द्राक्ष बागा नावाचं. मणी लहान, साल जाड, पिकायला उशीर. चिकणमाती आणि चुनखडीच्या जमिनीत ते नीट पिकेपर्यंत शरदातला पाऊस डोक्यावर येतो, आणि घाई केली तर वाइन इतकी तुरट होते की जीभ टाळ्याला चिकटते.

तुरटपणा म्हणजे काय, हे या टेबलावर स्पष्ट कळतं. द्राक्षाच्या सालीतलं आणि बीमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. समोर मांस आणि चरबी असली तर टॅनिनला चिकटायला दुसरी प्रथिनं मिळतात आणि तोंडावर चरबीचा लेप असतो. दहा वर्षं जुन्या बागाचा पहिला घोट मी मुद्दाम घासाआधी घेतला. दुसरा घोट मिऱ्याच्या वाटणात बुडवलेल्या मांसाच्या तुकड्यानंतर. कोरडेपणा गेला आणि खाली दडलेली आंबट चेरी, ओली माती, देवदाराचं लाकूड असे वास वर आले. बाटली तीच होती.

तरीही मिआल्यादातली माणसं त्या पिल्लाबरोबर बहुधा तांबडी वाइन घेतच नाहीत. शेजारच्या टेबलावर एक मोठं कुटुंब होतं. आजोबांपासून सगळ्यांच्या पेल्यांत बुडबुडे. इथे १८९० पासून फसफसती वाइन करतात. बागा पुरेसं पिकत नाही ही शेतकऱ्याची जी अडचण, तिचाच हा उपयोग. फसफसत्या वाइनला कमी पिकलेली, आंबट द्राक्षंच लागतात. आंबटपणा चरबी धुतो, बुडबुडे कुरकुरीत सालीशी जुळतात. मी दोन्ही आलटून पालटून घेतल्या. माझा कौल बुडबुड्यांना. मांसाबरोबर तांबडी आणि माशाबरोबर पांढरी हा आपल्याकडच्या मेनूकार्डांवरचा नियम या गावाला मान्य नाही, आणि खाऱ्या वाळवलेल्या कॉड माशाबरोबर बिनदिक्कत तांबडी वाइन पिणाऱ्या या देशालाही नाही.

तिथून आत, सेरा द एश्त्रेलाच्या पायथ्याशी दांव प्रदेश. पाइनची जंगलं, पुन्हा ग्रॅनाइट. इथलं मेंढीच्या दुधाचं चीज रानकाट्याच्या फुलांचे तुरे भिजवलेल्या पाण्याने विरजतात. वरची कड कापली की आतला गोळा चमच्याने काढून पावावर घ्यावा इतका सैल. त्याच्याबरोबर लोक तांबडी वाइन देतात, आम्हालाही दिली, आणि चीजच्या सायीखाली ती कडू लागली. ताईने एंक्रुझादू या तिथल्याच पांढऱ्या द्राक्षाची वाइन मागवली आणि ती जोडी बसली. मऊ, स्निग्ध, किंचित कडसर चीजला तुरटपणा खपत नाही. दांवबद्दल मला यापलीकडे सांगावंसं काही नाही, चीजसाठी मात्र मी तिथे पुन्हा जाईन.

तेजो नदी ओलांडली की आलेंतेजू. सपाट, विरळ वस्तीचा, बुचाच्या ओकांचा प्रदेश. झाडांची साल काढलेली खोडं विटकरी दिसतात आणि त्यांवर पांढरा आकडा रंगवलेला असतो, तो साल कोणत्या वर्षी सोलली त्याचा. दोन सोलण्यांमध्ये किमान नऊ वर्षं जावी लागतात. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालात निघतं. बाटलीचं झाकण इतकी वर्षं झाडावर वाढतं हे पाहिल्यापासून मी बूच फेकून देत नाही.

व्हिला द फ्रादेश या गावात आम्ही ११ नोव्हेंबरला, संत मार्तिन्यूच्या दिवशी होतो. तारीख आम्ही जुळवून आणली होती. या गावात मातीच्या प्रचंड रांजणांत वाइन करतात, रोमनांच्या काळापासूनची रीत. रांजणाला आतून पाइनची राळ आणि मेण लावतात, चुरडलेली द्राक्षं सालीसकट भरतात, वर येणारा चोथा दिवसातून दोनदा लाकडी दांड्याने खाली दाबतात. काही आठवड्यांत आंबणं संपतं आणि साली आपसूक तळाला बसतात. मग तळाशी असलेल्या भोकाचं बूच काढायचं. साचलेल्या सालींच्या थरातून वाइन गाळून, थेंबथेंब, निवळ होऊन बाहेर येते. यंत्र नाही, पंप नाही. या प्रकारच्या वाइनला सरकारी नाव हवं असेल तर ११ नोव्हेंबरपर्यंत ती सालीवर राहिलीच पाहिजे असा नियम आहे. त्या दिवशी गावभर तळघरांची दारं उघडी होती, भाजलेल्या चेस्टनटचा धूर गल्लीत पसरला होता आणि ओळख नसलेल्या माणसांनी आमच्या हातांत पेले दिले. पांढऱ्या द्राक्षाचीच वाइन, पण सालींमुळे रंग मधासारखा आणि चवीला हलका तुरट.

जेवायला आसोर्दा होता, गरिबाचं जेवण. लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात ठेचायची, ऑलिव्ह तेल घालायचं, वरून उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि एक अंडं. ठेचण्याचा वास आला तशी ताई म्हणाली, “अगं, यात दोन हिरव्या मिरच्या हव्या होत्या.” मला तसं वाटलं नाही. कोथिंबिरीचा हिरवा वास आणि लसणाची उग्रता यांच्याशी बरोबरी करायला ती सालीवरची तुरट पांढरी वाइन पुरेशी होती. मिरची आली असती तर वाइन उठून गेली असती. मांस न खाणाऱ्या वाचकाला या सगळ्या प्रवासातली एकच जोडी सुचवायची तर मी अंडं वगळून हाच पदार्थ आणि हीच वाइन सांगेन.

मिरचीचा प्रश्न लिस्बनमध्ये समोर आला. गोवेकरांची छोटी उपाहारगृहं या शहरात आहेत. अशा एका ठिकाणी आम्ही चिकन शाकुती आणि सोरपोतेल मागवलं. मिरची भारतात आणली पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. त्यांच्या स्वतःच्या ताटात ती थोड्या पिरी-पिरीपलीकडे फारशी शिरली नाही, म्हणून त्यांच्या वाइनला तिखटाशी झुंजायची कधी गरज पडली नाही. आम्ही आधी आलेंतेजूची साडेचौदा टक्क्यांची तांबडी घेतली. शाकुतीबरोबर ती जळाली. तिखटाची आग ज्या मज्जातंतूंना जाणवते त्यांनाच अल्कोहोलही चेतवतो, आणि तुरटपणा वरून तोंड कोरडं करतो. मग उत्तरेची हलकी पांढरी, किंचित गोडसर. तोंड शांत झालं, मसाल्यातली खसखस आणि बडीशेप वेगवेगळी कळली. नाशिकच्या वायनऱ्या तांबड्या वाइनला जितकं मिरवतात तितकं आपल्या शनॅ ब्लाँला मिरवत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. जिच्यात थोडी गोडी शिल्लक आहे अशी शनॅ आपल्या रश्शाला कोणत्याही शिराझपेक्षा जवळची आहे.

शेवटी बेबिंका आली आणि मालकांनी स्वतःहून मदेरा सुचवली. मदेरा बेटावरची पिंपं पूर्वी जहाजांतून उष्ण समुद्रांवर जायची. भारतापर्यंत जाऊन परत आलेली वाइन अधिक चांगली होते हे लोकांच्या लक्षात आलं, आणि पिंपं मुद्दाम या फेरीला पाठवली जाऊ लागली. आता तीच उष्णता बेटावरच देतात. चांगल्या मदेराची पिंपं गोदामाच्या तापलेल्या माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवतात. इतर वाइन ज्याने नासते ते सगळं हिने आधीच सोसलेलं असतं, म्हणून बाटली उघडल्यावरही ती महिनोन्‌महिने टिकते. बेबिंकेच्या थराथरांतला नारळ आणि भाजलेली साखर, आणि बोआल जातीच्या मदेरात अक्रोड, करपलेली साखर आणि तळाशी धारदार आंबटपणा. त्या आंबटपणामुळे मला बेबिंकेचा दुसरा तुकडा खाता आला.

परतीच्या सामानात भारतात दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. त्यामुळे निवड करावी लागली. मदेराची अर्ध्या लिटरची बाटली नक्की होती, निफाडच्या उन्हाळ्याला तीच टिकेल आणि आईच्या ओल्या नारळाच्या करंजीला तीच पुरून उरेल. दुसरी लोरेरू, आमच्या गोदावरीच्या माशांसाठी. तिसरी रांजणातली, माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी. ते पिणार नाहीत, पण सालींच्या थरातून गाळण्याची युक्ती ऐकल्यावर वास घेतल्याशिवाय राहणार नाहीत. बागाची बाटली मी मिआल्यादाहून घेऊन फिरत होते. आमच्या काळ्या मसाल्याच्या मटणापुढे ती कडू झाली असती. विमानतळावर ती मी ताईच्या हातात दिली आणि बजावलं, पोर्तोच्या घरी उघडू नकोस, मिआल्यादाला जाशील तेव्हाच ने.